उपाशी रविवार

रुळाच्या तुकड्यावर लोखंडी खिळा आपटला की जो नाद निघतो तो घंटेसारखा गोल नसतो, त्याला कड असते. आमच्या प्रार्थनामंदिराला घंटा नव्हती. आवारातल्या मोहाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा तारेने टांगलेला होता आणि रविवारी सकाळी तो वाजवायचं काम माझ्या आत्याकडे होतं. हिवाळ्यात तलावावरचं धुकं उठायच्या आत तो कोरडा, थंड नाद धानाच्या बांध्यांवरून, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेल्या शेतांवरून, सरकत आमच्या अंगणात यायचा, आणि चुलीपाशी बसलेली आई हळूच म्हणायची, "वाजवला बाईनं."  बाबा गालावर साबण फिरवत राहायचे.

त्या आवाजावर आजूबाजूच्या गावांतली आमची मोजकी कुटुंबं घरातून निघत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचं. भंडाऱ्याहून आमचे पाद्री, पाळकसाहेब, बसने लाखनीला उतरत आणि तिथून सायकल मारत येत. पांढऱ्या कापडाने झाकलेल्या मेजावर भाकर आणि द्राक्षरस मांडला जाई. आत्या साऱ्यांना त्या मेजाशी बोलावून आणी आणि स्वतः कधी तिथे जेवत नसे. ती नाही, आणि तिचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, तेही नाहीत. एकोणीसशे सत्तरच्या सुमारापासून आत्या जाईपर्यंत, म्हणजे पंच्याऐंशीच्या आसपासपर्यंत, हे असंच चाललं. मी हे आत्याबद्दल लिहिते आहे, आणि हे आनंदाचं नाही, एवढं आधीच सांगून टाकते.

आत्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. उंच, सडपातळ, लोंबी भरलेल्या धानासारखी किंचित पुढे झुकलेली. हात मात्र देहाच्या मानाने मोठे, नखं मुळापर्यंत कापलेली, आणि बोटांना फिनाईलचा असा वास की तिने डोक्यावरून हात फिरवला तर तो दुसऱ्या दिवसापर्यंत केसांत राहायचा. लग्न तिने केलं नाही. दवाखान्यामागच्या एका खोलीत ती राहायची, खोलीला कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, दाराशी तुळशीइतक्याच मायेने जपलेलं कढीपत्त्याचं झाड. संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, ती घरी परतताना मावळतीचा पिवळट उजेड तिच्या पांढऱ्या लुगड्यावर असा काही पडायचा की दुरून बांधीत काम करणाऱ्या बायाही कंबर सरळ करून क्षणभर बघत. गावात आम्ही मूठभर; बाकी सारं गाव हिंदू शेतकऱ्यांचं. पण नर्सबाई साऱ्यांचीच होती.

आई सांगायची, आधी ती फार हसरी होती. तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्याची. ताप उतरत नाही म्हणून रडणाऱ्या म्हाताऱ्याला ती म्हणायची, "मरायचं असन तर भंडाऱ्याले जाऊन मर बुवा, माह्याजवळ खाटा कमी आहेत," आणि म्हातारा रडता रडता हसायचा. मी तिला तशी फारशी पाहिली नाही. मला आठवते ती नंतरची आत्या. ती बोलायची, काम करायची, कुणाची चेष्टासुद्धा करायची. पण हसू आलं की ओठांपाशी थांबून परत फिरायचं.

बाबांना तिनेच वाढवलं होतं. आजी लवकर गेली. आजोबा छिंदवाड्याकडून आलेले, मिशनचे उपदेशक, सदा गावोगाव फिरतीवर. तेव्हा सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडता निवडता ही थोरली बहीण धाकट्या भावाकडून धर्मशिकवणीची प्रश्नोत्तरी पाठ करून घ्यायची: प्रश्न विचारायचा, तो उत्तर देईपर्यंत खडा बाजूला काढायचा, उत्तर चुकलं तर तोच खडा त्याच्या अंगावर फेकायचा. आमच्या ल्यूथरन पंथाच्या घरांत प्रश्नोत्तरी म्हणजे अक्षरओळखीच्या आधीची ओळख. बाबा तिला 'बाई' म्हणत. त्यांच्या तोंडी त्या शब्दात आईही होती, बहीणही होती आणि थोडा मास्तरही होता.

रोज सांजेला ती पवित्र शास्त्रातला एक उतारा वाची आणि मग त्यावर चार शब्द बोले. दवाखान्याच्या ओट्यावर कंदील ठेवलेला असे. बाळंतिणी, त्यांच्या सासवा, सायकलवरून पडून पाय मोडलेला कुणी पोरगा, असे श्रोते. तिचं बोलणं पाळकसाहेबांसारखं पुस्तकी नव्हतं. हरवलेल्या मेंढराची गोष्ट वाचून झाली की ती म्हणे, "मेंढपाळ एकासाठी साऱ्यांले सोडून गेला, हे ऐकाले बरं वाटते. पण जे मागं राहिले त्यांच्या जिवाचं काय झालं असन, तेही पाहा." कृपा म्हणजे काय, हे ती तलाव दाखवून सांगे. "पाणी सोडणारा फुकट सोडून राहिला. तू आपली बांधी उंच करून बसशील, तर पाणी काय करन?" त्या बायांना प्रभू किती कळला ते मला ठाऊक नाही, पण बांधी कळायची. मला तर वाटतं, तिच्याइतकं स्वच्छ कृपेबद्दल बोलणारं माणूस मी पुन्हा ऐकलं नाही, आणि तिच्याइतकं त्या कृपेवाचून कोरडं राहिलेलंही पाहिलं नाही.

आता ते सांगायलाच हवं.

मी सात-आठ वर्षांची असताना मला भाऊ झाला. भाद्रपद होता, रोवण्या, म्हणजे धानाच्या लावण्या, कधीच आटोपल्या होत्या, बांध्यांत पाणी चमकत होतं. घरात त्याला नुसतं बाबू म्हणत. त्याचा बाप्तिस्मा पुढल्या रविवारी ठरला होता, आणि झबल्यासाठी पांढरं कापड आणायला व पाळकसाहेबांना सोबत घेऊन यायला बाबा भंडाऱ्याला गेले. इकडे पाऊस लागला. नाल्याला पूर आला, गाड्या पलीकडेच अडकल्या, आणि त्यातच बाबूच्या छातीत कफ भरला. आई बाळंतपणाच्या तापात अर्धवट शुद्धीवर. आत्या दवाखाना सोडून आमच्याकडे येऊन बसली.

आमच्यात एक नियम आहे, तो परक्याला सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाप्तिस्मा पाळकानेच द्यायचा. पण लेकरू मरणाच्या दारात असेल आणि पाळक जवळ नसेल, तर कोणत्याही विश्वासणाऱ्याने त्याच्या डोक्यावर पाणी घालून पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तो द्यावा. तो खराच धरला जातो. हे प्रश्नोत्तरी शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आत्याने तर दवाखान्यात आमच्या लोकांच्या लेकरांना तसा तो दिलाही होता. बाबा निश्चिंत होऊन गेले ते त्याच भरवशावर. घरात बाई आहे, मग काय काळजी.

सकाळभर तिने बाबूला शेक दिला, छाती चोळली, तिच्यापाशी होतं ते औषध पाजलं. उशाशी तांब्या होता, पाणी कोमट केलेलं होतं. मी दाराच्या चौकटीत उभी राहून बघत होते. ती तांब्याला हात लावायची, बाबूच्या तोंडाकडे बघायची आणि हात काढून घ्यायची. दुपारी पाऊस थांबला, अंगणात ऊन पडलं, बाबूने डोळे उघडले, आणि तिने "हे पाहा, उतरून राहिलं" असं मला सांगितलं. ऊन भिंतीवर चढायच्या आत तो गेला. तांब्या तसाच भरलेला राहिला.

दिवस मावळायला नाला ओसरला आणि बाबा, पाळकसाहेब बैलगाडीने आले. बाबांच्या काखेत कागदात बांधलेलं कापड होतं. त्यांनी आधी लेकराकडे नाही, आत्याकडे पाहिलं.

"पाणी घातलं का?"

आत्याने नाही म्हणून मान हलवली.

 बाबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुह्या हातात पाणी होतं, बाई."

ते शेवटचं 'बाई'. त्यानंतर त्यांनी तिला कोणत्याच नावाने हाक मारली नाही.

पाळकसाहेब जुन्या वळणाचे, फार दयाळू गृहस्थ. त्यांनी समजावलं की देवाने आपल्याला बाप्तिस्म्याशी बांधलं आहे, स्वतःला नाही. आईबापांनी पोटात असल्यापासून ज्याच्यासाठी प्रार्थना केली, त्या लेकराला तो दूर लोटत नाही. खरंच आहे, आमची शिकवण तेच सांगते. मंडळीतले लोकही आले, आणि त्यांच्यापाशी तयार सांत्वन होतंच: देवाची इच्छा, देवाला फुलं आवडतात, आणखी काय काय. मला विचाराल तर असली सांत्वनं म्हणजे बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. बाबा साऱ्यांना 'हो जी, हो जी' म्हणाले. दफनाच्या वेळी सगळ्यांनी गीत म्हटलं, ते मातीकडे बघत उभे राहिले. आत्या कबरस्तानाच्या फाटकाशी होती. तिला कुणी आत बोलावलं नाही आणि ती आलीही नाही.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाआधी एक रीत होती. अर्पण घेऊन वेदीशी आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, असं प्रभूने सांगितलं आहे. आमचे जुने लोक ते अक्षरशः पाळत. बाया घरी रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढत, ते रविवारी वेदीपुढच्या टोपलीत ओतत. मग पाळकसाहेब थांबत, आणि ज्यांचं भांडण असेल ते दरीवरून, म्हणजे खाली अंथरलेल्या सतरंजीवरून, उठून एकमेकांपाशी जात. बांधावरून वाजलेलं, मोहाच्या झाडावरून, सुनेच्या बोलण्यावरून. हातात हात दिला, दोघं हसली की झालं. मग सारे मेजाशी जात.

त्या पहिल्या प्रभुभोजनाला आत्याने तांदूळ ओतले, बायांच्या बाजूने निघाली, मधली मोकळी जागा ओलांडली आणि पुरुषांच्या बाजूला बाबांसमोर येऊन उभी राहिली. दोन्ही हात पुढे, तळवे वर.  बाबा दरीच्या पट्ट्यांकडे बघत राहिले. पाळकसाहेब थांबले. सगळी मंडळी थांबली. लांब हायवेवरून ट्रक गेल्याचा आवाज आला आणि विरला. कुणीतरी खोकलं. मग ती मागे फिरली आणि आपल्या जागी जाऊन बसली. बाकीचे उठून मेजाशी गेले तेव्हा रिकाम्या दरीवर दोनच माणसं उरली, इकडे बहीण, तिकडे भाऊ. भावाने क्षमा केली नाही म्हणून ती जेवली नाही, आणि क्षमा करता येत नाही म्हणून तो जेवला नाही.

हे वर्षानुवर्षं चाललं. आश्विनात लोंब्या पिवळ्या पडत, ख्रिस्तजन्माच्या सुमाराला घराघरांत नव्या तांदळाचा वास दरवळे, ईस्टरआधीच्या, प्रभूच्या दुःखसहनाच्या काळात बरोबर पळस पेटत आणि मोह गळू लागे. सणांमागून सण, ऋतूंमागून ऋतू त्या मंदिराच्या उघड्या दारातून आत डोकावून जात, आणि दर पहिल्या रविवारी ते दोन मोठे हात माझ्या बापासमोर रिकामे उघडे राहत. मी वाढले, माझं दृढीकरण झालं, म्हणजे मेजाशी जायचा हक्क मिळाला, मी पहिल्यांदा मेजाशी गेले तेव्हा आई माझ्या सोबत होती. गुडघे टेकून मी भाकर घेतली. मागे ती दोघं बसलेली होती.

कुणी म्हणेल, बाबा दगड होते. नव्हते हो. आत्याच्या खोलीचे कवेलू माकडांनी फोडले की बाबा माणूस पाठवून ते नव्याने बसवून घेत. मळणी झाली की पहिल्या तांदळाची पायली माझ्याकडे देऊन म्हणत, "देऊन ये." कुणाला, ते म्हणत नसत. आणि प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणायचो तेव्हा, आम्ही जशी इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर, या मागणीपाशी त्यांचा आवाज बंद व्हायचा. पुढच्या ओळीला पुन्हा सुरू व्हायचा. लहानपणी मला वाटे, ते विसरतात. पुढे कळलं की ते देवाशी खोटं बोलत नव्हते. खोटं बोलून पोटभर जेवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. हा माणूस खरं धरून उपाशी राहिला. पण त्या खरेपणाने कुणाचं भलं झालं, ते मला अजून सापडलेलं नाही.

मी नागपूरला शिकायला होते तेव्हाची एक उन्हाळ्याची दुपार. दवाखान्यात रोगी नव्हते, आत्या ओट्यावर बसून पट्ट्यांचं कापड फाडत होती. फाडल्याचा तो चर्र आवाज, बाहेर रखरखीत उजेड, सुकत घातलेल्या मोहफुलांचा गोड, जड वास. मी एकदम विचारलं, "आत्या, काहून नाही घातलं पाणी?"

तिने हातातली पट्टी पुरी फाडली, गुंडाळली, बाजूला ठेवली.

"म्या दवाखान्यात ज्या ज्या लेकराच्या डोक्यावर पाणी घातलं न पोरी, त्यातलं एकही नाही वाचलं," ती म्हणाली. "मरतेच म्हणून तर घातलं होतं, हे मले समजते. तेव्हाही समजत होतं. पण बाबूवर हात उचलला अन् वाटलं, म्या पाणी घातलं का हा गेलाच. नाही घातलं तर राहीन. माह्या भावाचं लेकरू होतं. त्याले म्या माह्या हातानं मरणाऱ्यांत कशी बसवू?"

मग तिने उजेडाकडे डोळे बारीक करून पाहिलं. "देवाचं वचन होतं, अन् म्या आपल्या हाताच्या अपशकुनाले भ्याली. दुसऱ्याले सांगत होती, भिऊ नका, भरवसा ठेवा. हाच तो भरवसा."

तेवढ्यात मला तिच्या सगळ्या आयुष्याचा तळ दिसला. निष्काळजीपणा नव्हता, आळस नव्हता, पाळकाचा मान राखणं नव्हतं. माया होती, आणि मायेच्या पोटी आलेलं भय. मी म्हटलं, बाबांना सांगते. ती म्हणाली, "सांग. पण माह्या बाजूनं वकिली नको करू."

मी वकिली केली नाही. जसं ऐकलं तसं बाबांना सांगितलं. ते बैलांना वैरण टाकत होते. ऐकून घेतलं, हातातली पेंडी खाली ठेवली. "म्हणजे तिलेच भरवसा नव्हता," ते म्हणाले, "अन् मी पोराले तिच्या भरवशावर ठेवून गेलो." मग पेंडी उचलली आणि बैलांपुढे टाकली. मला वाटलं होतं, खरं कळलं की बांध फुटेल. कसलं काय! पुढल्या पहिल्या रविवारी आत्या समोर येऊन उभी राहिली तेव्हा बाबांनी पहिल्यांदाच नजर वर केली, तिच्या तळव्यांपर्यंत आणली आणि पुन्हा दरीवर नेली. त्या साऱ्या पंधरा वर्षांतली एवढीच काय ती हालचाल.

ऐंशीनंतर पाळक बदलले. नवे पाळकसाहेब तरुण, चांगले, घाईचे; त्यांना पुढच्या मंडळीत दुपारची उपासना असे. समेटासाठी थांबायची रीत त्यांनी हळूच काढून टाकली, त्या जागी एक गीत आलं. आत्या गीत चालू असताना उठायची. पोरंसोरं एकमेकांना कोपर मारायची, मोठी माणसं गीताच्या पुस्तकात डोकं घालायची. जे एकेकाळी पाहून बाया पदराने डोळे पुसत, ते आता नुसतं सवयीचं झालं होतं. दुःखाचंही असं होतं, फार दिवस दारात उभं राहिलं की लोक त्याला बाजूला सारून ये-जा करू लागतात.

पाळकसाहेबांनी तिला समजावलंही. "बाई, क्षमा देव करतो. त्यानं केली आहे. तुम्ही या आणि घ्या."

"देवानं केली असन जी," आत्या म्हणाली. "पण तोच म्हणते, आधी भावाकडे जा. मी जाऊन राहिली."

मला दोघांचाही राग यायचा. कृपा कमवावी लागत नाही, ती फुकट आहे, हे ज्यांनी सुपातल्या तांदळांबरोबर पाठ केलं, त्याच दोघांनी तिला अशी काही किंमत लावून ठेवली होती की ती कुणालाच परवडू नये. पण राग तरी किती दिवस धरायचा? एकीच्या हाताला भावाचा हात हवा होता आणि दुसऱ्याच्या हाताला तो देता येत नव्हता. शिकवणीत याचं उत्तर आहे. माणसात नाही.

मग आत्याच्या पोटात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी उघडून पाहिलं आणि तसंच शिवून परत पाठवलं. नर्स होती, तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. धान कापणीला आलेलं होतं, पाळीवरून माणसं भारे घेऊन जात, त्यांच्या बोलण्याचा गलका तिच्या खोलीत यायचा. देह इतका वाळला की खाटेवर पांघरुणाखाली माणूस आहे हे फक्त हातांवरून कळे. मी रजा काढून तिच्यापाशी राहिले. रविवारी रुळावर खिळा आता कुणीही येताजाता मारायचं. ठोका चुकला की ती डोळे मिटूनच कपाळाला आठी घालायची.

पाळकसाहेब आजाऱ्यांना घरी प्रभुभोजन देण्यासाठीची, भाकर आणि द्राक्षरसाची लहान पेटी घेऊन आले. तिने मान हलवली. "आधी भाऊ," एवढंच म्हणाली. तेव्हा तो तरुण माणूस पेटी तिथेच ठेवून आमच्या घरी गेला. त्याने बाबांना काय सांगितलं मला माहीत नाही. पण थोड्या वेळाने मी खिडकीतून पाहिलं तर पाळीवरून बाबा येत होते. त्यांनी लग्नाकार्याचा काळा कोट घातला होता. सकाळचं ऊन होतं, पाण्यावर पांढरे बगळे होते, आणि माझा बाप एवढ्या वर्षांनी आपल्या बहिणीच्या दाराकडे चालत येत होता. मी खिडकीचे गज घट्ट धरले. देवा, आता तरी, मी म्हटलं.

ते ओट्यापर्यंत आले. चपला काढल्या. उंबऱ्यापाशी थांबले, आतला अंधार आणि खाट आणि त्या खाटेवरचे हात त्यांना दिसले असावेत. त्यांचे ओठ हलले. त्या 'बाई'चा पहिला आवाज निघतो की काय असं वाटलं. निघाला नाही. ते मागे सरकले आणि ओट्यावर, भिंतीला पाठ लावून खाली बसले.

"भाऊ आला का?" आत्याने डोळे न उघडता विचारलं. बाबा बाहेर खोकले होते. तो खोकला तिने लहानपणापासून ऐकलेला.

"आले आहेत, आत्या. बाबा बाहेर बसले आहेत."

पाळकसाहेब बाहेर जाऊन त्यांच्यापाशी उकिडवे बसले, खांद्यावर हात ठेवून बोलले. ऊन ओट्यावरून सरकलं. बाबा दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते, त्यांची पाठ हलत होती, पण ते उठत नव्हते. शेवटी पाळकसाहेब आत आले. पेटी उघडली, पांढरं फडकं पसरलं आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "बाई, तो दारापर्यंत आला. प्रभूला एवढं पुरे आहे. आता तुम्ही घ्या."

आत्याने डोळे उघडले. तिने त्या भाकरीकडे पाहिलं. इतकी वर्षं भुकेलं असलेलं माणूस अन्नाकडे बघतं तसं पाहिलं, हे मी शपथेवर सांगेन. मग तिने दाराकडे पाहिलं. दारातून बाबांचा फक्त एक खांदा आणि काळ्या कोटाची बाही दिसत होती.

"तो बाहेर उपाशी बसला आहे," ती म्हणाली, "अन् मी आत बसून खाऊ?"

पाळकसाहेबांनी पेटी मिटली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाबांनी ते ऐकलं, ओटा आणि खाट यांत अंतर ते किती. मी बाहेर गेले तेव्हा ते उठून पाळीवरून परत जात होते, अनवाणी. चपला ओट्यावरच राहिल्या होत्या.

दोन दिवसांनी धान झोडपण्याच्या आवाजात आत्या गेली. बाबा दफनाला आले, मूठभर माती टाकली, गीताला तोंड उघडलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं ते जगले आणि दर पहिल्या रविवारी मंदिरात येऊन आपल्या जागी बसत राहिले. सगळे मेजाशी जात, ते एकटेच रिकाम्या दरीवर. आता क्षमा करायला समोर कुणी येत नव्हतं, आणि मागायची झाली तर जायला जागा नव्हती. तेही तसेच गेले.

मी मात्र मेजाशी जाते, भाकर घेते, क्षमेवर माझा विश्वास आहे असं म्हणते, आणि त्या दोघांचं देवाने काय केलं असेल हे विचारायचं धाडस मला अजून होत नाही. काळ जखमा भरतो म्हणतात. आमच्या घरी त्याने माणसं तेवढी उचलून नेली, आणि जखम, जिच्यावर हात ठेवायला आता कुणीच उरलेलं नाही, ती जशीच्या तशी माझ्या आठवणीत जिवंत ठेवून दिली.